सहाशे साच्यांची गोष्ट : छापील मराठी अक्षराचा इतिहास

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त संस्थापकांचे स्मरण होते, देणगीदारांची नामावली छापली जाते, दुर्मिळ ग्रंथांचे प्रदर्शन मांडले जाते. ज्या अक्षरांतून हे सारे ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचले त्या अक्षरांची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. चांगले छापलेले अक्षर डोळ्यांना जाणवत नाही, मजकूरच तेवढा दिसतो, हे त्याचे कारण असावे. परंतु शंभर वर्षांच्या कोणत्याही मराठी ग्रंथालयातील कपाटे उघडून, पुस्तके न वाचता नुसती पाहत गेले, तर एक निराळाच इतिहास उलगडू लागतो. आडव्या सुट्या पानांची शिळाछाप पोथी, निर्णयसागरची घट्ट विणीची संस्कृत पुस्तके, ‘अि’, ‘अु’ अशा नवलाईच्या स्वरांनी भरलेले एखादे जुने मासिक, पायमोडक्या जोडाक्षरांची वृत्तपत्रे, दलालांच्या मुखपृष्ठाची कादंबरी आणि अगदी अलीकडे संगणकावर जुळवलेले गुळगुळीत पुस्तक. लिपी एकच, पण ‘अ’ सारखा नाही, ‘ल’ सारखा नाही, उकार जागच्या जागी नाही. हे फरक लेखकांनी केलेले नाहीत. कानस आणि छिन्नी हाती धरणाऱ्या कारागिरांनी, यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी, कागदाच्या भावाने आणि क्वचित वाचकांच्या हट्टाने ते घडले आहेत.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो, आणि तो एका अडचणीपासून होतो. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. शिवछत्रपतींच्या जन्माआधी जवळजवळ पाऊणशे वर्षे मुद्रणकला मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर येऊन उभी होती. तरी तिने मराठी अक्षर छापले नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. ओवी मराठी संतकवींच्या घराण्यातली, भाषा मराठी, आणि अक्षरे मात्र लॅटिन, असा हा विलक्षण ग्रंथ आहे.

रोमन लिपी ही स्टीफन्स यांची आवड नव्हती. १६०८ मध्ये आपल्या धर्मवरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे कळविले होते. अडचणही त्यांनी नेमकी सांगितली होती. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते. येथे प्रत्येक आकृती म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून झालेला पुरा उच्चार, त्यामुळे सहाशेच्या घरात साचे करावे लागतील आणि ते अशक्यप्राय दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. हिशेब चुकीचा नव्हता. चौतीस व्यंजनांना बाराखडीने गुणले तरी चारशेच्या वर आकृती होतात, जोडाक्षरे निराळीच.

सहाशे हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढील चारशे वर्षांतील मराठी मुद्रणाची बहुतेक धडपड याच आकड्याभोवती फिरली. गोव्यात तर हा प्रश्न सुटण्याआधीच बंद पडला. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी आली, आणि थंडावलेला छापखाना पुन्हा सुरू होण्यास १८२१ साल उजाडले. खुद्द ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत छापून निघाले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. स्टीफन्स यांचे पत्र आणि गोव्यातील मुद्रणाची ही सारी हकिगत भारतीय वाचकांसमोर सविस्तर मांडली ती गोव्यातील प्रियोळ गावी जन्मलेल्या अनंत काकबा प्रियोळकर यांनी, १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणविषयक ग्रंथात.

सहाशे साचे टाळण्याची एक वाट पेशवाईच्या अखेरीस दिसली होती. साचे पाडायचेच नाहीत. पूर्ण पान तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरायचे आणि त्याचा छाप घ्यायचा. नाना फडणवीसांच्या प्रोत्साहनाने पुण्यात भगवद्गीता अशा पत्र्यांवर कोरण्याचे काम सुरू झाले. १८०० मध्ये नाना निवर्तले. पुढे पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेस १८०५ मध्ये ती गीता छापली गेली. त्याच वर्षी दूर बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण खिळ्यांवर छापले जात होते. तेथील अक्षरे कोरणारा मूळ कारागीर पंचानन कर्मकार हा बंगाली लोहार. केरींचा मराठी कोश १८१० मध्ये निघाला तो मोडी खिळ्यांत. म्हणजे कारकुनी बोरूची, हात न उचलता लिहिण्याची मोडी हीदेखील शिशाच्या तुकड्यांत बसविण्याचा उद्योग झाला होता. तो फार काळ टिकला नाही. मोडीचे सौंदर्य तिच्या अखंड ओघात होते, आणि तोडून पुन्हा जोडलेला ओघ ओघ राहत नाही. छापण्यासाठी बाळबोध आणि लिहिण्यासाठी मोडी ही वाटणी मराठीत पुढे शतकभर राहिली, तिचे एक कारण या खिळ्यांत आहे.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ पासून मराठी छपाई आरंभली ती बंगालहून आणलेल्या खिळ्यांवर. ती अक्षरे मराठी डोळ्यांना परकी आणि ओबडधोबड वाटत. त्यामुळे शिळाछापाचे तंत्र मुंबईत येताच ते लोकप्रिय झाले यात नवल नाही. या तंत्रात लेखक खास शाईने कागदावर लिहितो, ते लिखाण सपाट दगडावर उतरते, दगड ओला करून त्यावर तेलकट शाई फिरवली की ती फक्त अक्षरांवर धरते. खिळा नाही, साचा नाही, सहाशेचा प्रश्नच नाही. बोरूने ज्या वळणाचे अक्षर काढता येते ते जसेच्या तसे छापता येते. पोथ्या लिहिणाऱ्या लेखकाचा हात या दगडावर आणखी काही दशके जिवंत राहिला.

या तंत्रातील मोठे मराठी नाव गणपत कृष्णाजी यांचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील कामे पाहून त्यांनी स्वतःचे यंत्र उभारले, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ मध्ये शिळाछापाचे मराठी पंचांग काढले. छापील शाईत चरबी असते या समजुतीने सनातनी मंडळी छापलेल्या पोथीला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून ती हरकत दूर केली. हा तपशील गमतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो. परंतु त्यात व्यवसायाची मोठी जाण आहे. पुस्तकाचे रूप वाचकाच्या सवयीला धरून असावे, हे त्यांना पुरते कळले होते. म्हणूनच त्यांच्या पोथ्या आडव्या, सुट्या पानांच्या, हस्तलिखितासारख्याच असत. वाचकाला मांडी बदलावी लागत नसे. पुढे त्यांनी खिळेही स्वतः पाडून घेतले.

शिळाछापाला एक मर्यादा होती. दगड मोठ्या आवृत्तीला झिजतो, आणि एक चूक झाली तर पान पुन्हा लिहावे लागते. वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके आणि कायद्याची पुस्तके यांचा व्याप वाढू लागल्यावर खिळ्यांवाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे सहाशेचा प्रश्न पुन्हा समोर आला.

खिळा कसा तयार होतो हे आज फारसे कोणाला पाहावयास मिळत नाही, म्हणून येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर कानस आणि बारीक छिन्नीने अक्षर उलटे कोरायचे. ते कोरताना धुराच्या काजळीत बुडवून कागदावर ठसा घेत पुन्हा पुन्हा पाहायचे. मनाजोगे झाले की कांडीला पाणी देऊन ती कठीण करायची आणि हातोड्याच्या घावाने तांब्याच्या तुकड्यात ठोकायची. तांब्यात उमटलेला खळगा म्हणजे साचा. हा साचा ओतणीत बसवून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की एक खिळा निघतो. असे हजारो खिळे घासून, कडा साफ करून खणांच्या पेटीत भरायचे. एका अक्षराच्या एका आकारासाठी एवढे श्रम. आकार बदलला, बारीक टाइप हवा झाला, की सारे पुन्हा पहिल्यापासून.

या कामाला मुंबईत वळण लावले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील थॉमस ग्रॅहम यांनी. सुबक मराठी अक्षरे पाडण्यात त्यांचा हातखंडा होता. मुंबईच्या छापखान्यांत जी ‘डिग्री’ पद्धत रूढ झाली तिच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी येते. त्या पद्धतीत व्यंजनाचा खिळा ठेंगणा असे. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार हे वर आणि उकार, ऋकार हे खाली, असे वेगळे चिमुकले खिळे बसवीत. एका ओळीत खरे म्हणजे तीन थर. उलट ज्या खिळ्यावर अक्षर आणि त्याचे चिन्ह एकत्र, न तोडता येई, त्याला ‘अखंड’ म्हणत. अखंडाला खिळे जास्त, पण जुळणी सोपी व मजबूत. डिग्रीला खिळे कमी, पण जुळाऱ्याच्या बोटांत कसब हवे. स्टीफन्स यांना जो उच्चार अविभाज्य वाटला होता तो मुंबईच्या कारागिरांनी थरांत फोडला आणि सहाशेचा डोंगर चढण्याजोगा केला.

त्याची किंमत वाचकाने जुन्या पुस्तकांत पाहिलेली आहे. वरच्या थरातील चिमुकले खिळे नाजूक. छपाईच्या दाबाने ते मोडत, सरकत, कधी शाईत अडकून नाहीसे होत. मात्रा उडालेली, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर गेलेला, रफार तुटलेला. अशा पुस्तकांत कोणा जुन्या वाचकाने उडालेली वेलांटी टाकाने नीट भरून काढलेली दिसते. मुद्रितशोधनाचे हे काम ग्रंथालयाच्या सभासदांनी पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन केले आहे.

याच छापखान्यात वयाच्या दहाव्या वर्षी खिळे घासण्यासाठी दरमहा दोन रुपयांवर एक पोरका मुलगा लागला. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९. शाळा जवळजवळ नाहीच. पण हजारो खिळे बोटांखालून गेले, आणि चांगला खिळा कोणता, वाईट कोणता, हे बोटांना कळू लागले. पुढे ते इतर छापखान्यांत, ‘इंदुप्रकाश’मध्येही, काम करीत राहिले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. पहिले काम पंचांगाचे. छापखान्याला नाव देतानाही पंचांगाचाच निर्णय डोळ्यांसमोर असणार.

जावजींचे यश सांगताना राणोजी रावजी आरू यांचे नाव मागे पडते, आणि हा अन्याय आहे. अक्षरे कोरणारा हात राणोजींचा होता. निर्णयसागरचा टाइप म्हणून जो भारतभर नावाजला गेला त्यातील रेषांचा तोल, दंडाची जाडी आणि गाठींचा मोकळेपणा हे या माणसाच्या कानशीतून आले. भांडवल आणि दृष्टी जावजींची, अक्षर राणोजींचे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापखान्याचे व मालकाचे नाव असते. पोलादावर अक्षर कोरणाऱ्याचे नाव कोणत्याही पानावर नसते. मराठी ग्रंथसूचीत लेखक, अनुवादक, प्रकाशक, मुद्रक या सर्वांना जागा आहे. अक्षरकाराला नाही.

निर्णयसागरच्या बारीक टाइपावर एक नजर टाकली तरी कामाचा दर्जा कळतो. १८८६ पासून निघू लागलेल्या ‘काव्यमाले’त मूळ श्लोक मोठ्या टाइपात, खाली टीका लहान टाइपात, तळाशी पाठभेद त्याहून लहान. तीन आकार एका पानावर, आणि तरी ओळीची शिरोरेघ कोठे वाकत नाही. संस्कृतातील चार-चार व्यंजनांची जोडाक्षरे त्या बारीक टाइपातही भरून न जाता उघडी दिसतात. १८९२ मध्ये जावजी निवर्तले. त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी काम पुढे चालविले. कित्येक ग्रंथालयांत या पुस्तकांचा कागद पिवळा पडून कडांना तुटू लागला आहे, पण अक्षर मात्र अजून धारदार आहे.

मुंबईच्या या टाइपांचा एक परिणाम असा झाला की त्याची व्याप्ती त्या कारागिरांच्या स्वप्नातही आली नसेल. कलकत्त्याच्या आणि उत्तरेकडील जुन्या छपाईत ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही अक्षरे निराळ्या वळणाची असत. तेथला ‘ण’ मराठी वाचकाला ‘रा’सारखा वाटे आणि ‘झ’ हा ‘भ’ला शेपूट लावल्यासारखा. मुंबईचे टाइप उत्तर हिंदुस्थानात विकले जाऊ लागले तसे मुंबईचे वळणही पसरले. स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने हिंदीसाठी जी प्रमाण देवनागरी ठरविली तिच्यात ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ मुंबईच्या वळणाचे आहेत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी वाचतात तेव्हा ‘अ’ गिरगावच्या वळणाचा वाचतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत मात्र उलट घडले. त्यांचे उत्तरेकडील रूप प्रमाण ठरले, आणि त्याचा हिशेब मराठीला पुढे चुकवावा लागला.

विसाव्या शतकात यंत्रे आली. कळ दाबताच साचा घरंगळत येऊन पूर्ण ओळ शिशात ओतणारे लायनोटाइप हे इंग्रजीसाठी वरदान होते. त्याच्या साठवणपेटीत नव्वद खोबणी. इंग्रजीला नव्वद पुरतात. देवनागरीला कोठून पुरणार? तेव्हापासून प्रश्न उलटा झाला. लिपीला पुरेल असे यंत्र करण्याऐवजी यंत्रात मावेल अशी लिपी करण्याचा विचार सुरू झाला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्यात बरेच लक्ष घातले होते, त्या खटपटीतून १९०च्या घरातील ‘टिळक टाइप’ पुढे आला. अमेरिकेत हरि गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात लायनोटाइपसाठी देवनागरी बसवून दाखविली. टंकलेखन यंत्रात तर नव्वदच्या आसपासच चिन्हांची सोय होती.

लिपिसुधारणेची चळवळ या यंत्रांच्या सावलीत वाढली. सावरकरांनी पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीत इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे गेली आणि त्यांच्या जागी अि, अी, अु, अू आले, ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वापरून दाखविली. १९३५ मध्ये इंदूर येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाने लिपिसुधारणेसाठी काका कालेलकर यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. १९५३ मध्ये लखनौ येथील परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याचे ठरविले. उच्चार आधी व्यंजनाचा आणि मग स्वराचा, म्हणून चिन्हही नंतर, असा युक्तिवाद. यंत्रालाही ते सोयीचे. तर्क बिनतोड होता. वाचकांनी तो मानला नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील फरक केवळ रेघेच्या लांबीवर राहिल्याने वाचताना घोटाळे होऊ लागले आणि १९५७ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. शतकानुशतके डोळ्यांत बसलेले रूप परिषदेच्या ठरावाने बदलत नाही, हे यातून दिसले. तसेच ‘अ’च्या बाराखडीचेही झाले. या सुधारकांना हसणे मात्र योग्य नाही. साक्षरता वाढवायची, पुस्तक स्वस्त करायचे, हा त्यांचा ध्यास खरा होता, आणि हातातील यंत्रे दुसरा मार्ग दाखवीत नव्हती.

लिपी कायद्याने बदलली नाही, पण यंत्राने गुपचूप बदलली. ओळ ओतणाऱ्या यंत्रात एका साच्याला दुसऱ्याच्या डोक्यावर किंवा पायाशी जाता येत नाही. त्यामुळे वेलांटीची कमान अक्षरावर न झुकता अलीकडेच संपे, उकार अक्षराखाली न राहता बाजूला लोंबे. ‘विद्या’ची ‘विद्‌या’ झाली, ‘बुद्धी’ची ‘बुद्‌धी’. एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे आडवी झाली. एका पिढीने वृत्तपत्रे अशीच वाचली आणि तिला ती खटकेनाशीही झाली. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतील मराठीचा खास अर्धा ‘र’ तर अनेक यंत्रांत नव्हताच. हा काळ काळजीपूर्वक अभ्यासला आणि नोंदवून ठेवला तो बापूराव नाईक यांनी. शासकीय मुद्रणातील प्रदीर्घ अनुभवावर त्यांनी लिहिलेला देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. एवढे मोठे काम ग्रंथालयांच्या कपाटांत फार क्वचित दिसते.

आतल्या पानांत अक्षर असे आखडत असताना त्याला मोकळी जागा मिळाली ती मुखपृष्ठावर. मुखपृष्ठ ब्लॉकवर छापले जाई. चित्रकार जे हाताने काढील ते जस्ताच्या पत्र्यावर उतरे, खिळ्यांचे बंधन नसे. पुस्तकाचे नाव प्रसंगाला साजेल अशा अक्षरांत काढायचे, ऐतिहासिक कादंबरीला बोरूचे वळण द्यायचे, विनोदी पुस्तकाला वाकडीतिकडी अक्षरे, ही कला येथे वाढली. दोन थोर नावे पुन्हा गोव्याचीच. दीनानाथ दलाल यांचा जन्म १९१६ मध्ये मडगावचा. त्यांनी १९४५ पासून ‘दीपावली’ वार्षिक काढले. रघुवीर मुळगावकर दोन वर्षांनी लहान, त्यांचाही जन्म गोव्यातच. या दोघांच्या चित्रांनी मराठी वाचकाला पुस्तक विकत घेण्याआधी ते न्याहाळण्याची सवय लावली. पुढच्या पिढीत कमल शेडगे यांनी वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिराती केवळ अक्षरांच्या बळावर उभ्या केल्या; २०२० मध्ये ते निवर्तले तोवर त्यांचे अक्षर नाट्यरसिकांच्या डोळ्यांत कायमचे बसले होते.

या ठिकाणी ग्रंथालयांच्या एका जुन्या चालीची नोंद करणे भाग आहे. पुस्तक आले की त्याचे वेष्टन काढायचे, पुठ्ठा बदलायचा, काळे किंवा तपकिरी कापड चढवायचे, कण्यावर दाखल अंक घालायचा. पुस्तक टिकावे हा हेतू चांगला आणि तो सफलही झाला. पण दलाल-मुळगावकरांची शेकडो मुखपृष्ठे या बांधणीत गेली. मजकूर जपला आणि चेहरा टाकून दिला. ज्या ग्रंथालयांत एखाद्या बांधणाऱ्याने वेष्टन आतल्या बाजूस चिकटवून ठेवले आहे, तेथे आज संशोधक मुद्दाम जातात.

संगणक आला तेव्हा शिशाचे ओझे गेले, पण नवा गोंधळ आला. १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेत ठरविण्याचे काम हाती घेतले गेले होते. तरी छपाईच्या बाजारात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी राहिली. एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की अक्षरांऐवजी खुणांचा पसारा दिसे. १९९० च्या दशकातील कित्येक स्मरणिका, सूची आणि लेखांच्या संगणकप्रती अशा रीतीने न वाचण्याजोग्या होऊन पडल्या. छापलेले पान हाती असल्यानेच तो मजकूर वाचला. १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतामुळे हळूहळू यातून सुटका झाली. मोडीलाही त्यात २०१४ मध्ये जागा मिळाली.

या वळणावरचे महत्त्वाचे नाव रघुनाथ कृष्ण जोशी, अर्थात र. कृ. जोशी. जाहिरातकला, सुलेखन, कविता आणि अध्यापन अशा चारही क्षेत्रांत त्यांनी काम केले होते. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अक्षररचना शिकविली आणि पुढे संगणकासाठी ‘मंगल’ हा टंक घडविला. विंडोज २००० बरोबर तो घरोघर पोहोचला. आधुनिक टंकाचे तंत्र असे की युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य संचातील स्थाने अवघी १२८, पण टंकाच्या पोटात जोडाक्षरे, अर्धी रूपे, लहानमोठ्या वेलांट्या मिळून शेकडो आकृती. कोणती कोठे बसवायची ते संगणक ठरवितो. स्टीफन्स यांना जे साचे करणे अशक्य वाटले ते अखेर तयार झाले, आणि टिळकांपासून लखनौपर्यंत सर्वांनी कमी करू पाहिलेली संख्या पुन्हा वाढली. उकार अक्षराखाली गेला, ‘द्ध’ पुन्हा एकात एक बसला, ‘ऱ्या’ला स्वतःचा संकेत मिळाला. जोशी २००८ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतरच्या मुंबईतील तरुण अक्षरकारांनी ‘मुक्त’, ‘बलू’ असे टंक घडवून विनामूल्य उपलब्ध केले आहेत. सुलेखनात अच्युत पालव यांनी मोडीच्या ओघाला नवे रूप दिले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

‘ल’ आणि ‘श’ यांचा जुना हिशेब मात्र संगणकाने अधिक ठळक केला. सर्वत्र मिळणारे टंक हिंदीच्या प्रमाण रूपावर बेतलेले. त्यामुळे मराठी मजकुरातही दंडाचा ‘ल’ आणि उत्तरेचा ‘श’ उमटू लागला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित करताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि गाठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपे म्हणून नोंदविली. नव्या टंकांत दोन्ही रूपे ठेवता येतात आणि मजकूर मराठी असल्याचे संगणकाला सांगितले तर योग्य ते रूप निघते. पण सांगण्याचे लक्षात राहावे लागते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत हा प्रश्न अधिक जाणवतो. तेथे मुले देवनागरी शिकतात ती बहुधा हिंदीच्या तासाला, आणि पाकळीचा ‘ल’ त्यांना प्रथम भेटतो तो मराठी ग्रंथालयात. अशा कित्येक ग्रंथालयांच्या दारावर रंगाऱ्याने हाताने रंगविलेली जुनी पाटी अजून आहे. तिच्यातील ‘ग्रंथालय’ या शब्दातला ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो. आत देवघेवीच्या मेजावरील संगणकात त्याच शब्दातला ‘ल’ दंडाचा.